सॅन फ्रान्सिस्कोचा पूल, शांघायचे वेल्ड आणि ओहायोचे रॉड: एक प्रकरण अभ्यास

सार्वजनिक पुलाचे मुख्य पोलादी काम समुद्रापलीकडच्या यार्डात करून घेतले की दर्जा कुठे निसटतो, हे समजून घ्यायला सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. या कामाची कागदपत्रे, चौकशी अहवाल आणि विधिमंडळ समितीपुढची चर्चा सगळी सार्वजनिक आहे. पुलाचे आणि मालक यंत्रणेचे नाव इथे दिले आहे. कंपन्या आणि व्यक्ती मात्र भूमिकेवरूनच ओळखाव्यात: मुख्य कंत्राटदार, शांघायचा फॅब्रिकेटर (पोलादी भाग बनवणारा), तपासणी संस्था, रॉडचा पुरवठादार. कोणी चुकले यापेक्षा कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय झाला, हे पाहणे जास्त उपयोगाचे आहे.

पार्श्वभूमी

१७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात १९३६ साली खुल्या झालेल्या जुन्या पुलाच्या वरच्या डेकचा, म्हणजे वाहतुकीच्या मजल्याचा, सुमारे १५ मीटरचा तुकडा खालच्या डेकवर कोसळला. एका व्यक्तीचा जीव गेला आणि पूल महिनाभर बंद राहिला. पूर्वेकडचा भाग डागडुजी करून भूकंपाला पुरेसा सक्षम होणार नाही, असा निष्कर्ष निघाल्यावर कॅलिफोर्नियाच्या परिवहन विभागाने, म्हणजे कॅलट्रान्सने, नवा पूल बांधायचे ठरवले.

१९९८ मध्ये निवडलेला आराखडा देखणा होता, पण बांधायला कठीण. एकाच मनोऱ्याचा, स्वतःलाच नांगरलेला झुलता पूल. एकूण लांबी ६२४ मीटर, मुख्य गाळा ३८५ मीटर, मनोरा १६० मीटर उंच. नेहमीच्या झुलत्या पुलात केबल दोन्ही टोकांना जमिनीतल्या अवजड नांगरांना बांधतात, आधी केबल ओढतात आणि मग तिला डेकचे तुकडे लटकवतात. या प्रकारात केबलचे टोक डेकलाच बांधलेले असते. त्यामुळे संपूर्ण डेक आधी तात्पुरत्या आधारांवर जोडून घ्यावा लागतो, मग केबल बसवायची आणि शेवटी भार हळूहळू केबलवर घ्यायचा.

पुढे जे काही झाले, त्याचे मूळ या क्रमात आहे. डेकचा एक तुकडा उशिरा आला तरी केबलचे काम थांबते. फॅब्रिकेटरचा प्रत्येक उशीर थेट पूल खुला होण्याच्या तारखेवर जाऊन पडतो. अशा कामात "हा तुकडा नाकारा, पुन्हा करा" असे म्हणणाऱ्या तपासनिसावर केवढे ओझे येते, याचा अंदाज आराखडा निवडतानाच यायला हवा होता.

अडचण: पैसे, कायदा आणि क्षमता

मे २००४ मध्ये या भागाची निविदा उघडली, तेव्हा एकच बोली आली होती. परदेशी पोलाद वापरून १.४ अब्ज डॉलर, अमेरिकी पोलाद वापरून १.८ अब्ज डॉलर. परदेशी पोलादाचा आकडासुद्धा यंत्रणेच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट होता. सप्टेंबरमध्ये ही निविदा मुदत संपू देऊन सोडून दिली. राज्यपालांच्या कार्यालयाने साधा पूल बांधण्याचा पर्याय पुढे केला, वर्षभर राजकीय ओढाताण चालली आणि जुलै २००५ च्या कायद्याने झुलता पूलच कायम झाला.

यात संघीय निधीचा मुद्दा होता. संघीय पैसा लागला की 'बाय अमेरिका', म्हणजे अमेरिकी पोलादच वापरण्याची, तरतूद लागू होते. देशी पोलादामुळे एकूण खर्च २५ टक्क्यांहून जास्त वाढत असेल, तरच त्यातून सूट मिळते. राज्याने या कंत्राटात संघीय पैसाच न वापरण्याचे ठरवले आणि बोलीदारांना जगभरातून पोलादकाम आणायची मुभा दिली. स्पर्धा वाढावी हा त्यामागचा हेतू होता. मार्च २००६ मध्ये दोन बोली आल्या, १.४३ आणि १.६८ अब्ज डॉलर. कमी बोलीच्या कंत्राटदाराने डेक आणि मनोऱ्याचे पोलादकाम शांघायजवळ, यांगत्से नदीच्या मुखाशी असलेल्या चांगशिंग बेटावरच्या यार्डाला दिले.

हा फॅब्रिकेटर बंदरांवरच्या कंटेनर क्रेन बनवण्यात जगात अव्वल. प्रचंड यार्ड, स्वतःची धक्क्याची सोय, तयार क्रेन उभीच्या उभी वाहून नेणारी स्वतःची जहाजे. पूल मात्र त्याने आधी कधी बांधला नव्हता. क्रेन आणि पूल दोन्ही पोलादाचेच, दोन्ही वेल्डिंगचेच, तरी फरक मोठा आहे. पुलाचा डेक रोजच्या हजारो ट्रकांखाली अनेक दशके थकव्याचे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे, भार सोसतो आणि त्यातला बारीक दोषही वाढत जाऊ शकतो. शिवाय अमेरिकी पूल-वेल्डिंग संहितेत तड्याला जागाच नाही. लहान असो वा मोठा, तडा म्हणजे नाकारणे.

विचारात घेतलेले पर्याय

देशात काम करून घेणे हा पहिला पर्याय. एवढ्या आकाराचे बॉक्स गर्डर, म्हणजे पोकळ पेटीसारख्या तुळया, बनवून थेट पाण्याने पाठवू शकतील अशी यार्डे अमेरिकेत फार थोडी होती. ज्यांच्याकडे जागा होती, त्यांच्याकडे रेल्वे किंवा रस्त्याने नेता येतील एवढेच तुकडे करण्याची सोय होती. लहान तुकडे म्हणजे जास्त साइट-वेल्ड, म्हणजे प्रत्यक्ष पुलावर करायचे वेल्ड, आणि साइट-वेल्ड यार्डातल्या वेल्डपेक्षा नेहमीच जास्त जोखमीचे. म्हणजे देशी पर्याय फक्त महाग नव्हता, त्याची दर्जाची जोखीम वेगळ्या ठिकाणी होती.

दुसरा पर्याय होता मोठ्या पुलांचा अनुभव असलेली परदेशी यार्डे, मुख्यतः जपान आणि कोरियातली. अनुभव निश्चित जास्त, पण स्वस्ताई कमी. यार्ड निवडण्याचे काम मात्र बोलीदाराच्या हातात होते. सर्वात कमी बोली जिंकणार हे ठरल्यावर स्वस्त यार्डाकडे झुकणे ओघानेच आले.

तिसरा पर्याय म्हणजे शांघाय. कमी अनुभवाची भरपाई जास्त देखरेखीने करायची, असा विचार. २००६ मध्ये कॅलट्रान्सने यार्डाची पाहणी करून त्याला अटींसह उत्तीर्ण ठरवले. हा शब्द महत्त्वाचा आहे. 'अटींसह' म्हणजे काही त्रुटी सुधारल्याशिवाय काम सुरू करू नये. पण त्या अटी पूर्ण झाल्याचे कोण सही करून सांगणार आणि नाही झाल्या तर काय, हे कंत्राटात धारदारपणे लिहिले नसेल तर अट कागदावरच राहते.

काय झाले: डेकचे वेल्ड

डेकचे एकूण २८ तुकडे होते, पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या मार्गिकांचे प्रत्येकी १४. प्रत्येक तुकडा म्हणजे पोकळ पोलादी पेटी. वरच्या पत्र्याखाली लांबीच्या दिशेने यू-आकाराच्या बरगड्या आणि आडव्या दिशेने डायफ्रॅम, म्हणजे आधाराचे उभे पत्रे, असा हा ऑर्थोट्रॉपिक डेक. यातला कळीचा सांधा म्हणजे बरगडी आणि वरचा पत्रा यांच्यामधला. तो फक्त बाहेरून, एकाच बाजूने वेल्ड करता येतो, कारण बरगडीच्या आत हात जात नाही.

तो सांधा समजून घेतल्याशिवाय या प्रकरणातला वाद कळत नाही. अपेक्षा अशी की वेल्डने बरगडीच्या जाडीच्या सुमारे ८० टक्के खोलवर शिरावे. कमी शिरले तर मुळाशी खाच राहते आणि ट्रकच्या चाकांखाली तिथूनच थकव्याचा तडा सुरू होतो. जास्त शिरले तर पलीकडे वितळून थेंब पडतो आणि सांध्याचा आकार बिघडतो. म्हणजे करंट, वेग, इलेक्ट्रोडचा कोन आणि बरगडी पत्र्याला नेमकी टेकली आहे की नाही, यात फारच कमी सूट. अल्ट्रासॉनिक चाचणी या अर्धवट शिरलेल्या वेल्डवर नेहमीच भरवशाची नसते. खात्री करायची तर सरावाच्या तुकड्यांवर वेल्ड करून ते कापावे, पॉलिश करून आम्ल लावावे आणि प्रत्यक्ष किती शिरकाव झाला ते बघावे लागते. दर शिफ्टला, दर मशीनला, दर वेल्डरला.

जाड पत्र्यांत दुसरा धोका हायड्रोजनमुळे पडणाऱ्या तड्यांचा. इलेक्ट्रोड किंवा फ्लक्स (वेल्डचे हवेपासून रक्षण करणारी पूड) दमट असेल, पत्र्याला पुरेशी पूर्वतापवणी नसेल, तर वेल्डमध्ये हायड्रोजन अडकतो आणि थंड झाल्यावर काही तासांनी आडवा तडा पडतो. म्हणून अशा वेल्डची चाचणी लगेच करून भागत नाही, ठरावीक काळ थांबून करावी लागते. चांगशिंग बेट नदीच्या मुखावर, हवा दमट. इलेक्ट्रोडसाठी ओव्हन, फ्लक्स कोरडा ठेवण्याची नोंद, पूर्वतापवणीचे मोजमाप या गोष्टी तिथे चैनीच्या नव्हत्या.

मालकाच्या वतीने यार्डात तपासणी करणाऱ्या संस्थेने २००८ च्या सुमारास वेल्डमध्ये मोठ्या संख्येने तडे नोंदवायला सुरुवात केली. दोष निघाला की ठरलेला क्रम असतो. एअर-आर्कने, म्हणजे विजेने पोलाद वितळवून हवेच्या झोताने, तो भाग उकरायचा, ग्राइंड करायचा, मॅग्नेटिक पार्टिकल चाचणीने (चुंबकीय भुकटीने) तडा पूर्ण निघाला का पाहायचे, पूर्वतापवणी करून पुन्हा वेल्ड, थांबा, पुन्हा चाचणी. एकाच जागी दोनदा-तीनदा दुरुस्ती झाली की पत्रा उष्णतेने वाकतो आणि आतले ताण वाढतात. मग शेजारच्या तुकड्याशी टोके जुळत नाहीत. डेकचे शेजारचे तुकडे यार्डातच एकमेकांना लावून बघणे भाग होते, कारण समुद्र ओलांडून गेल्यावर सात-आठ मिलिमीटरचा फरकसुद्धा पाण्यावर तरंगत्या क्रेनने धरलेल्या तुकड्यात निस्तरणे अवघड.

काम वर्षाहून अधिक मागे पडले. वेळ भरून काढण्यासाठी जादा पैसे मोजावे लागले, आणि २००४ च्या बोलीत परदेशी पोलादामुळे जी सुमारे ४० कोटी डॉलरची बचत दिसत होती, तिचा काही भाग तिथेच खर्च झाला. डेकचे पहिले तुकडे जानेवारी २०१० मध्ये ओकलंडला पोहोचले, शेवटचे २०११ च्या उन्हाळ्यात.

पहिला निर्णयाचा क्षण: तडा म्हणजे तडा का?

संहितेप्रमाणे प्रत्येक तडा नाकारायचा, की काही बारीक तडे तसेच ठेवून पुढे जायचे? कॅलट्रान्सच्या तांत्रिक बाजूचे म्हणणे असे होते की भूकंपात आणि थकव्यात निर्णायक ठरणाऱ्या सांध्यांतले दोष दुरुस्त केले आहेत आणि बाकीच्या बारीक दोषांनी पुलाच्या सुरक्षिततेला धोका नाही. शिवाय वारंवार दुरुस्तीने नुकसान जास्त होते. हा युक्तिवाद अभियांत्रिकीत पोकळ नाही. भंगयांत्रिकीने, म्हणजे तडे कसे वाढतात याच्या शास्त्राने, एखादा दोष किती भारांनंतर किती वाढेल ते काढता येते, आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांत असा हिशेब रोज होतो.

खटकते ती वेळ. सवलतीचे निकष उत्पादन सुरू होण्याआधी, कोणता सांधा कोणत्या वर्गात ते ठरवून, लेखी मान्य झाले असते तर तो अभियांत्रिकीचा निर्णय ठरला असता. धक्क्यावर जहाज लागलेले आणि प्रत्येक दिवसाला पैसा जात असताना तोच निर्णय घेतला, की तांत्रिकदृष्ट्या बरोबर असला तरी त्यावर विश्वास बसत नाही. पुढच्या करारात तपासणीसाठी दुसरी संस्था आली. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया सिनेटच्या परिवहन व गृहनिर्माण समितीसाठी झालेल्या चौकशी अहवालात, दर्जाबद्दल आवाज उठवणाऱ्यांना बाजूला केल्याचे गंभीर आरोप नोंदवले गेले. कॅलट्रान्सने ते फेटाळले आणि भूकंप-सुरक्षिततेवरील स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाने पूल सुरक्षित असल्याचे सांगितले. या मुद्द्यावर लोकांच्या मनात राहिलेली शंका नुसत्या गणिताने जाणार नाही. रोज अडीच लाखांहून अधिक वाहने ज्या पुलावरून जातात, तिथे ही शंका स्वतःच एक नुकसान आहे.

काय झाले: अमेरिकी रॉड

सगळ्यांचे लक्ष शांघायकडे असताना मोठा फटका देशातल्याच मालाने दिला. पुलाच्या पूर्व टोकाला ई-२ नावाच्या खांबावर शिअर की बसवल्या आहेत. भूकंपात डेक आडवा सरकू नये म्हणून त्याला खांबाशी धरून ठेवणारे हे पोलादी ठोकळे. त्यांना खांबाच्या माथ्याशी आवळण्यासाठी ३ इंच व्यासाचे, कित्येक मीटर लांबीचे ९६ रॉड २००८ मध्ये बनवून घेतले. अमेरिकी मानक एएसटीएम ए३५४ ग्रेड बीडी, किमान ताकद ९६५ मेगापास्कल, वर हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर. बनवले ओहायोत.

मार्च २०१३ च्या पहिल्या आठवड्यात त्यांना अंतिम ताकदीच्या सुमारे ७० टक्के ताण दिला. पुढच्या दोन आठवड्यांत ९६ पैकी ३२ रॉड तुटले. भूकंप नाही, वाहतूक नाही. उभ्या जागी.

कारण निघाले हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट, म्हणजे हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा. पोलाद जितके कडक, तितका हायड्रोजन त्याला जास्त ठिसूळ करतो. गॅल्व्हनायझिंगपूर्वी आम्लात बुडवले तर पोलादात हायड्रोजन शिरतो, जस्ताचा थर त्याला बाहेर पडू देत नाही, आणि नंतर पाण्यात राहून गंज धरला की आणखी हायड्रोजन तयार होतो. इथे रॉड २००८ पासून खांबातल्या छिद्रांत पडून होते, छिद्रांची तोंडे पावसापासून नीट बंद नव्हती आणि आत पाणी साचले होते. तपासणीत पोलादाची अंतर्गत रचनाही एकसारखी आढळली नाही, चिवटपणाही कमी. आधीच ठिसूळपणाकडे झुकलेल्या मालाला पाण्यात भिजवून वर प्रचंड ताण दिला, असा हा तिहेरी योग.

इथे दुसरा निर्णयाचा क्षण आहे आणि तो २०१३ च्या कितीतरी आधीचा. जवळपास याच ताकदीच्या ए४९० बोल्टना गॅल्व्हनायझिंग करू नये, असे त्या बोल्टच्या मानकातच स्पष्ट म्हटले आहे. ए३५४ बीडीला मात्र तशी सरसकट मनाई नाही. आराखड्यात गंजापासून संरक्षण आणि ताकद दोन्ही एकाच रॉडकडून मागितली, तेव्हा थांबून विचार व्हायला हवा होता. माल आल्यावर मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा चाचणी दाखला) आणि कडकपणाची नोंद पाहिली जाते, पण प्रत्येक लॉटमधल्या एका-दोन रॉडना ताण देऊन काही दिवस तसेच ठेवायचे, म्हणजे हायड्रोजनचा परिणाम दिसेल, ही चाचणी झाली असती तर दोष वर्कशॉपमध्येच उघडा पडला असता. शेवटी घात झाला तो खांबाच्या रचनेमुळे: रॉडची खालची टोके काँक्रीटमध्ये, वर डेक बसलेला. तुटलेला रॉड काढून नवा घालायला जागाच उरली नव्हती.

उपाय आणि परिणाम

तुटलेल्या रॉडांना पर्याय म्हणून शिअर की भोवती पोलादी सॅडल बसवून, त्यावरून ताण दिलेल्या केबल खांबाच्या दोन्ही बाजूंना उतरवून, सगळे काँक्रीटमध्ये बंदिस्त केले. आवळण्याचा जोर तेवढाच मिळाला. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर. हे काम होईपर्यंत पूल बंद ठेवायचा का, हा पुढचा प्रश्न. उन्हाळ्यात खुला करणे पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि मग तात्पुरता मार्ग सापडला: शेजारच्या बेअरिंगमध्ये (डेक ज्यांवर टेकतो त्या आधारांत) पोलादी शिम, म्हणजे फट भरणाऱ्या पट्ट्या, घालून त्यांच्याकडून शिअर कीचे काम करून घ्यायचे. संघीय महामार्ग यंत्रणेनेही मान्यता दिली. सप्टेंबर २०१३ च्या सुरुवातीला पूल खुला झाला, सॅडलचे काम त्याच वर्षी डिसेंबरात पूर्ण झाले.

पुलाच्या या भागावर याच दर्जाचे एकूण दोन हजारांहून अधिक रॉड होते. त्यांच्यावर दीर्घ ताणाच्या चाचण्या घेतल्या गेल्या, २०१० मध्ये बनवलेले १९२ रॉड त्याच खांबावर टिकून होते. २०१४ मध्ये मनोऱ्याच्या पायथ्याच्या रॉडभोवती पाणी साचल्याचे आढळले आणि पुन्हा तपासणी करावी लागली. संपूर्ण पूर्व भागाचा खर्च ६.४ अब्ज डॉलरपर्यंत गेला. त्यातली बहुतेक वाढ आराखड्याची आणि उशिराची होती, शांघायच्या बिलाची नव्हती. हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण या प्रकरणावरच्या चर्चेत सगळा खर्च 'चिनी पोलादा'च्या माथी मारण्याची सवय झाली आहे.

काय वेगळे करता आले असते

यार्डाची निवड बोलीदारावर सोपवायची असेल, तर मालकाने यार्डाचीच आधी पात्रता ठरवावी. पाहणी अहवालाने नाही, तर पूर्ण आकाराच्या नमुन्याने. बोलीआधी प्रत्येक इच्छुक यार्डाला पैसे देऊन एक बरगडी-पत्रा पॅनेल आणि एक जाड जोड करायला लावावा, तो कापून बघावा. चार-पाच यार्डांचा असा खर्च वेल्डच्या दुरुस्तीपुढे किरकोळ आहे. ज्या यार्डाने क्रेन बनवल्या पण पूल बनवला नाही, त्याला या एका पॅनेलवर सिद्ध होण्याची रास्त संधीही मिळते. अनुभव नाही म्हणून बाहेर, असा सरसकट निकष लावला तर पुढे चांगली यार्डे कधी तयारच होणार नाहीत.

पैसे टनांवर नव्हे, मंजूर झालेल्या तुकड्यांवर द्यावेत. टनाप्रमाणे पैसे दिले की यार्ड दुरुस्तीचे काम पुढे ढकलत नवे तुकडे कापत राहते. मग एके दिवशी दुरुस्त न झालेले दहा तुकडे एकाच वेळी दारात उभे राहतात आणि तिथेच सवलतीचा दबाव सुरू होतो. शांघायसारख्या यार्डात, जिथे रात्रंदिवस काम चालते आणि मालकाचा अभियंता दुसऱ्या खंडात झोपलेला असतो, हे फार वेगाने घडते.

तपासणीचा सर्वात नाजूक मुद्दा अहवाल कोणाकडे जातो हा. यार्डातला तपासनीस जर वेळापत्रकाला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्यालाच रिपोर्ट करत असेल, तर त्याच्या 'नाही' ला वजन नाही. काम थांबवण्याचा अधिकार दर्जा विभागाकडे असावा, त्याविरुद्ध निर्णय घ्यायचा तर वरिष्ठ अभियंत्याने स्वतःच्या सहीने, कारणासह, त्याच दिवशी लिहून द्यावा. वेल्डची नोंद वेल्डरच्या ओळख क्रमांकापासून इलेक्ट्रोडच्या लॉटपर्यंत जोडलेली असावी, म्हणजे एका शिफ्टला दोष निघाला तर त्या शिफ्टचे सगळे सांधे दुसऱ्या दिवशी सकाळी शोधता येतील.

स्वीकाराचे निकष उत्पादनाआधी गोठवावेत. सवलत द्यायची असेल तर कोणत्या वर्गाच्या सांध्यात, किती लांबीच्या दोषाला, कोणत्या गणिताच्या आधारे, ते कंत्राटाच्या परिशिष्टात असावे. त्याचबरोबर आराखडा निवडतानाच प्रश्न विचारावा: या रचनेत एका तुकड्याचा उशीर किती इतर कामे अडवतो? इथे उत्तर होते सगळीच, म्हणून वेळापत्रकात आधीपासून दुरुस्तीसाठी राखीव महिने ठेवायला हवे होते.

रॉड, बोल्ट, बेअरिंग अशा वस्तू देशी असल्या म्हणजे सुरक्षित, असा समज मोडायला हवा. या पुलावर शांघायच्या तुकड्यांना मिळाली तशी देखरेख ओहायोच्या रॉडना मिळाली नाही, असे दिसते. किमतीच्या मानाने छोटी वस्तू, पण तुटली तर बदलता येणार नाही अशा जागी बसणारी असेल, तर तिच्यासाठी सर्वात कडक तपासणी ठेवावी. माल कुठून आला हा निकष नंतरचा.

मुंबईच्या वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर, म्हणजे शिवडी ते न्हावाशेवा सागरी सेतूवरही ऑर्थोट्रॉपिक पोलादी डेक बसवले आहेत. त्यांचे भाग परदेशी यार्डांत तयार होऊन जहाजाने करंजाला आले आणि तिथे जोडले गेले. ही पद्धत इथे रुळत जाणार. पुढच्या सागरी पुलाची निविदा तयार करताना बरगडी-पत्रा सांध्याचा नमुना किती वेळा कापायचा, तपासनिसाचा अहवाल कोणत्या टेबलावर जाईल आणि खांबात रुतणाऱ्या रॉडची छिद्रे पावसाळ्यात कोण झाकेल, एवढे तीन प्रश्न आधीच लेखी सोडवलेले असावेत. शेवटचा प्रश्न कोकणातल्या पावसात सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा कितीतरी जास्त तातडीचा आहे.